दहा चौकोनांची लघवीपट्टी: रक्ताचा चौकोन कामाचा, ‘प्रोटीन निल’वर विसंबू नका

शंभर पट्ट्यांची बाटली, आत ओलावा शोषणारी पुडी, बाहेरच्या कागदावर रंगांचा तक्ता. गल्लीतल्या दवाखान्यापासून तालुक्याच्या लॅबपर्यंत ही बाटली सगळीकडे दिसते. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या घरांतही ती आता पोचली आहे. मल्टिस्टिक्स १० एसजी ही या प्रकारातली सर्वांत ओळखीची पट्टी, आणि त्याच धर्तीच्या भारतीय व चिनी बनावटीच्या पट्ट्या बाजारात भरपूर आहेत. साखर, कीटोन, संसर्ग यांसाठी पट्टी कशी आहे यावर पुष्कळ लिहून झालंय. इथे प्रश्न एकच आहे. शरीरातल्या पेशी फुटून किंवा बिघडून त्यांचं प्रोटीन बाहेर सुटलं आणि ते किडनी खराब करू लागलं, तर ही पट्टी ते वेळेत सांगते का?

थोडक्यात सांगायचं तर ‘ब्लड’ लिहिलेला चौकोन सांगतो, आणि त्या किमतीत दुसरं काहीही इतक्या लवकर सांगत नाही. ‘प्रोटीन’ लिहिलेला चौकोन मात्र नेमकी हीच प्रोटीन्स बघत नाही. त्याचं नाव फसवं आहे. रिपोर्टवर ‘प्रोटीन निल’ वाचून निर्धास्त झालेले रुग्ण, आणि कधीकधी डॉक्टरही, या नावामुळेच चुकतात.

तो चौकोन काम कसा करतो ते कळलं की बाकीचं आपोआप उमगतं. कागदात टेट्राब्रोमोफेनॉल ब्लू हा रंग असतो आणि सोबत आम्लता पीएच ३ च्या आसपास धरून ठेवणारं बफर. या आम्लतेला रंग पिवळा राहतो. लघवीत अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) असेल तर ते रंगाकडून हायड्रोजनचे आयन ओढून घेतं आणि आम्लता न बदलताच पिवळ्याचा हिरवा, मग हिरवट निळा होतो. अल्ब्युमिन हे काम झकास करतं. लाल पेशींतलं हिमोग्लोबिन, स्नायूंतलं मायोग्लोबिन आणि मायलोमा या कर्करोगात रक्तात सुटणारे प्रतिपिंडांचे तुकडे, म्हणजे ‘लाइट चेन’, यांचा या रंगाशी संबंध अगदी कमजोर. ती फार मोठ्या प्रमाणात असल्याशिवाय चौकोन ढिम्म हलत नाही. म्हणजे हा चौकोन मुळात अल्ब्युमिनचा. अल्ब्युमिन लघवीत येतं ते किडनीच्या गाळणीला भोकं पडल्यावर. गाळणी शाबूत असताना बाहेरून छोट्या प्रोटीनचा लोंढा आला, तर या चौकोनाला त्याचा पत्ता लागत नाही.

अल्ब्युमिनच्या बाबतीतही तो फार बारीक नाही. त्याची सुरुवातच १५ ते ३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपासून होते. पुढे ३० ला एक प्लस, १०० ला दोन, ३०० ला तीन आणि २००० च्या पुढे चार. मधुमेहात सुरुवातीला झिरपणारं अल्ब्युमिन बरेचदा यापेक्षा कमी असतं, म्हणून तिथे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करायचं (क्रिएटिनिन म्हणजे किडनी रोज बाहेर टाकते तो स्नायूंतला टाकाऊ पदार्थ). ग्रॅमला ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे सावध होण्याची वेळ. पट्टी त्याची जागा घेऊ शकत नाही.

आता पट्टीच्या चांगल्या बाजूकडे येऊ.

‘ब्लड’चा चौकोन लाल पेशी मोजत नाही. हिमोग्लोबिन आणि मायोग्लोबिन या दोन्हींत असलेला लोहयुक्त ‘हीम’ गट पेरॉक्साइड फोडून कागदातल्या टेट्रामिथाइलबेंझिडिनला रंग आणतो. पिवळ्याचा हिरवा, हिरव्याचा गडद निळा. अखंड लाल पेशी कागदावर येऊन फुटल्या तर हिरवे ठिपके उठतात. हीम आधीच लघवीत विरघळलेलं असेल तर अख्खा चौकोन एकसारखा रंगतो. हा फरक नीट बघा, कारण पुढचा सगळा तर्क त्यावर उभा आहे. एका मायक्रोलिटरमध्ये ५ ते २० लाल पेशी असल्या तरी चौकोन प्रतिसाद देतो, म्हणजे संवेदनशीलतेत तो सूक्ष्मदर्शकाच्या फारसा मागे नाही.

महत्त्वाची खूण अशी: ब्लड तीन प्लस, आणि त्याच ताज्या नमुन्याच्या गाळात सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी जवळपास नाहीत. मग हीम पेशींतून सुटून आलंय. एकतर रक्तातल्या लाल पेशी फुटल्या आहेत किंवा स्नायू फुटले आहेत. कोणतं, ते ठरवायला रक्ताची नळी सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) वरच्या द्रवाचा रंग बघा. लाल पेशी फुटल्या असतील तर हा सीरम गुलाबी-लाल दिसतो, आणि स्नायू फुटले असतील तर बहुधा नेहमीसारखा पिवळट स्वच्छ. कारण असं की सुट्या हिमोग्लोबिनला रक्तातलं हॅप्टोग्लोबिन पकडून ठेवतं आणि ही जोडी गाळणीतून जाण्याइतकी छोटी नसते. हॅप्टोग्लोबिन संपलं की ६४ हजार डाल्टनचं (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) हिमोग्लोबिन ३२ हजारांच्या अर्धुकांत मोडून लघवीत उतरतं, पण तोवर सीरम रंगलेला असतो. मायोग्लोबिन सुमारे १७ हजार डाल्टनचं आणि त्याला पकडणारं कुणी नाही. ते रक्तात साठायच्या आधीच गाळणीतून खाली जातं. सीरम रक्त काढताना फुटलेल्या पेशींमुळेही गुलाबी होतो, त्यामुळे बारीक सुईने ओढून काढलेल्या नमुन्यावर निकाल देऊ नका.

अमोनियम सल्फेटची जुनी युक्ती अजून काही लॅबच्या वह्यांत आढळते: ५ मिलिलिटर लघवीत २.८ ग्रॅम अमोनियम सल्फेट विरघळवायचं, हिमोग्लोबिन खाली बसतं, मायोग्लोबिन वर राहतं. ती भरवशाची नाही. सीपीके (स्नायू फुटले की रक्तात वाढणारं एन्झाइम) मागवा, विषय संपला.

हे प्रोटीन किडनीत जाऊन नेमकं काय करतं, हे माहीत असलं की पट्टीच्या या एका चौकोनाला इतका मान का द्यायचा ते पटेल. मायोग्लोबिन स्नायूच्या पेशीत असतं तेव्हा ऑक्सिजन सांभाळणारं निरुपद्रवी प्रोटीन असतं. पेशी फाटली की ते रक्तात, तिथून गाळणीतून नलिकेत. नलिकेच्या पहिल्या भागातल्या पेशी मेगॅलिन आणि क्युबिलिन या पृष्ठभागावरच्या ग्राहकांच्या (रिसेप्टर) साहाय्याने ते आत ओढून घेतात, कारण लघवीतलं छोटं प्रोटीन वाया जाऊ न देणं हे त्यांचं रोजचंच काम. रोजच्या चिमूटभर मालाला ही व्यवस्था पुरते. लोंढा आला की आत हीम सुटतं, त्यातलं लोखंड मोकळं होतं आणि पेशींच्या आवरणातल्या चरबीचं ऑक्सिडेशन सुरू होतं. पेशी आतून जळते म्हणा ना. जे शोषलं गेलं नाही ते पुढे वाहत जातं. पुढच्या भागात किडनी स्वतःच युरोमोड्युलिन नावाचं चिकट प्रोटीन सोडत असते, ज्याचं जुनं नाव टॅम-हॉर्सफॉल प्रोटीन. लघवी आम्लधर्मी आणि घट्ट असली की मायोग्लोबिन आणि युरोमोड्युलिन एकमेकांत गुंततात आणि नलिकेच्या आकाराचे तपकिरी साचे तयार होतात. हेच कास्ट. गटारात सिमेंट ओतल्यासारखी नलिका बुजते. तिसरा मार ‘हीम’मुळेच: ते रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतं, वाहिन्या आवळतात, आणि आधीच कमी पडलेला रक्तपुरवठा आणखी घटतो. फुटलेले स्नायू सुजताना शरीरातलं पाणी स्वतःकडे ओढतात, म्हणून रुग्ण कोरडाही पडलेला असतो. घट्ट लघवी, आम्ल लघवी, कमी रक्तपुरवठा आणि प्रोटीनचा लोंढा हे सगळं एका वेळी.

म्हणूनच यावरचा पहिला उपाय भरपूर सलाईन हाच आहे, आणि तो लवकर दिला तरच उपयोगी. प्रौढ रुग्णात तासाला २०० ते ३०० मिलिलिटर लघवी होत राहावी इतकं. लघवी आधीच बंद झाली असेल तर हेच सलाईन फुप्फुसात साठून घात करतं, तेव्हा हे रुग्णालयातलं काम आहे, घरी पाणी ढोसण्याचं नव्हे.

लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली अडकलेल्या चार रुग्णांवर बायवॉटर्स आणि बील यांनी १९४१ मध्ये लिहिलं, तेव्हा हे चित्र पहिल्यांदा स्पष्ट झालं. बाहेर काढल्यावर बरी वाटणारी माणसं किडनी बंद पडून गेली होती आणि नलिकांत रंगीत साचे सापडले होते. १९९९ च्या तुर्कस्तानातल्या मार्मरा भूकंपात किडनीवर परिणाम झालेल्या ६३९ रुग्णांची नोंद झाली, त्यातल्या ४७७ जणांना डायलिसिस लागलं. वीज नाही, लॅब नाही, अशा जागी पट्टीचा हा चौकोन खरोखर सोन्याचा ठरतो.

आपल्याकडे भूकंपाची वाट बघायची गरज नाही. आग्या मोहोळ उठून शेकडो माश्या चावल्या की त्या विषाने लाल पेशीही फुटतात आणि स्नायूही. दोन्ही प्रोटीन्स एकदमच किडनीत. केसांच्या काळ्या डायमधलं पॅराफिनिलिनडायमिन पोटात गेलं की गळा आणि चेहरा सुजतो. तो धोका डोळ्यांना दिसतो म्हणून सगळं लक्ष तिकडे जातं, आणि स्नायू फुटून काळी लघवी सुरू झाल्याचं उशिरा ध्यानात येतं. कोकण किनाऱ्यावर जाळ्यातून आलेल्या समुद्री सापाच्या दंशात जखम किरकोळ, वेदना कमी, पण काही तासांत अंग ताठरतं आणि लघवी तपकिरी होते. आपल्याकडचं बहुविध प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी आहे, समुद्री सापासाठी नाही, त्यामुळे इथे किडनी सांभाळण्यावरच भर द्यावा लागतो. विदर्भातला उष्माघात, लांबलेले झटके, दारू पिऊन तासन्‌तास एका कुशीवर बेशुद्ध पडलेला माणूस, महिनोन्‌महिने बंद ठेवलेला व्यायाम एकाच दिवशी जोरात सुरू करणारा तरुण, भर उन्हात भरतीच्या धावण्याचा सराव करणारी मुलं, स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या औषधाबरोबर ते रक्तात वाढवणारं दुसरं औषध सुरू झालेला रुग्ण, आणि जी-सिक्स-पीडी या लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असताना प्रायमाक्विन घेतलेला हिवतापाचा रुग्ण. या प्रत्येकाची लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची झाली, की पट्टी बुडवायला मिनिट लागतं आणि त्या मिनिटात पुढची दिशा ठरते.

बीट खाऊन लघवी लाल झाली असेल तर ब्लडचा चौकोन पिवळाच राहतो. रिफाम्पिसिनने नारिंगी झालेली लघवीही तसाच निकाल देते. इतक्या साध्या कारणासाठी घाबरून धावणारेही असतात, त्यांच्यासाठी हा चौकोन दिलासा आहे.

पण हा चौकोन निगेटिव्ह आला म्हणजे स्नायू ठीक आहेत, असं समजू नका. मायोग्लोबिन शरीरातून झपाट्याने निघून जातं, त्याचं अर्धायुष्य दोन-तीन तासांचं. सीपीके मात्र इजेनंतर २ ते १२ तासांत चढायला लागतं, एक ते तीन दिवसांत कळस गाठतं आणि मग दिवसाला साधारण निम्म्याने उतरतं. दुसऱ्या दिवशी आलेल्या रुग्णाची पट्टी कोरी आणि सीपीके वीस हजार, हे सहज घडतं. सीपीके लिटरला साधारण १००० युनिटच्या वर गेलं की स्नायू फुटल्याचं निदान, आणि ५००० च्या पुढे किडनीचा धोका ठळक. तेव्हा पट्टी पॉझिटिव्ह असेल तर तिच्यावर विश्वास ठेवा, निगेटिव्ह असेल आणि कथा जुळत असेल तर सीपीके, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि ईसीजी कराच. पोटॅशियम विसरू नका. स्नायूंतून मायोग्लोबिनबरोबर तेही सुटतं, आणि किडनीआधी हृदय थांबवण्याची ताकद त्यात आहे.

आता पट्टीच्या सर्वांत मोठ्या उणिवेबद्दल.

मल्टिपल मायलोमात बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी प्रतिपिंडांचे सुटे तुकडे, म्हणजे लाइट चेन, रक्तात ओततात. एकेकटी लाइट चेन साधारण साडेबावीस हजार डाल्टनची, म्हणजे गाळणीला अडवता न येणारी. पुढचा रस्ता मायोग्लोबिनसारखाच: आधी नलिकेच्या पेशी ओढून घेतात आणि दमतात, उरलेली पुढे जाऊन युरोमोड्युलिनवरच्या ठरावीक जागेला चिकटते आणि कडक, ठिसूळ साचे बनवते. यात हीम नाही, म्हणून ब्लडचा चौकोन पिवळा. अल्ब्युमिन नाही, म्हणून प्रोटीनचा चौकोनही पिवळा. किडनी आठवड्या-आठवड्याने बुजत असताना दहा चौकोनांची पट्टी पूर्ण ‘नॉर्मल’ येते. उत्पादक आपल्या माहितीपत्रकात हे लिहितात, पण ते पत्रक बाटलीबरोबर कचऱ्यात जातं.

यावर उपाय स्वस्त आहे आणि प्रत्येक लॅबमध्ये असायला हवा: ३ टक्के सल्फोसॅलिसिलिक ॲसिड. ते कोणतंही प्रोटीन गढूळ करतं, अल्ब्युमिन असो वा लाइट चेन. लघवी सेंट्रिफ्यूज करून वरचा स्वच्छ भाग ३ मिलिलिटर घ्या, त्यात तितकंच ॲसिड घाला, नळी हलकेच उलटी-सुलटी करा आणि काळ्या कागदासमोर धरा. जरा धूसर म्हणजे ट्रेस. स्पष्ट गढूळ म्हणजे एक प्लस. कण दिसू लागले की दोन, त्यांचे पुंजके झाले की तीन, घट्ट गुठळ्या बसल्या की चार. पट्टीवर निल आणि या नळीत तीन प्लस, ही तफावत दिसली की रिपोर्टवर नुसते आकडे लिहून सोडू नका. डॉक्टरला फोन करा. त्याआधी एवढं विचारा: नुकताच एक्स-रे किंवा सीटीचा कॉन्ट्रास्ट दिला होता का, पेनिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिन मोठ्या मात्रेत चालू आहे का? ही दोन्ही नळी खोटी गढूळ करतात. आणि ॲसिड हाताळताना हातमोजे हवेत.

लघवी उकळून ॲसिटिक ॲसिड घालण्याची जुनी चाचणी अजून बऱ्याच ठिकाणी चालते. लाइट चेनच्या बाबतीत ती दगा देते. हे प्रोटीन ४० ते ६० अंशांना गोठतं आणि उकळीपर्यंत नेलं की परत विरघळतं. हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे लंडनच्या एका रुग्णाची लघवी १८४५ मध्ये आली ती याच विचित्र वागण्यामुळे. नळी थेट खळखळून उकळणाऱ्या तंत्रज्ञाला शेवटी स्वच्छ लघवी दिसते आणि तो ‘निल’ लिहितो. ज्यांना हीच पद्धत वापरायची आहे त्यांनी नळी हळूहळू तापवावी आणि वाटेत बघावं.

पन्नाशी ओलांडलेला माणूस, पाठीची किंवा बरगड्यांची न हटणारी दुखणी, हिमोग्लोबिन कमी, क्रिएटिनिन चढतं, आणि पट्टीवर प्रोटीन निल. इथे लघवीचं एकूण प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर आणि अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर दोन्ही मागवा. पहिलं भरमसाट, दुसरं किरकोळ, तर मधलं प्रोटीन कोणाचं हे शोधायलाच हवं. पुढे सीरम फ्री लाइट चेन. कॅपा आणि लॅम्डा या लाइट चेनच्या दोन प्रकारांचं गुणोत्तर एरवी ०.२६ ते १.६५, किडनी अधू असेल तर ०.३७ ते ३.१ पर्यंत चालतं. एखादी चेन लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर साचे बनण्याचा धोका खराच. आणि तपास होईपर्यंत पाठदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन अजिबात नको. ही औषधं किडनीचा रक्तपुरवठा घटवतात आणि घट्ट लघवीत साचे झटक्यात जमतात. पाठीसाठी वेदनाशामक घेतलं आणि आठवड्यात किडनी बसली, हा मायलोमाचा ओळखीचा मार्ग आहे.

पेशीबाहेर सुटलेलं आणखी एक प्रोटीन किडनीला छळतं, ते म्हणजे हिस्टोन. डीएनए गुंडाळून ठेवणारं हे प्रोटीन मरणाऱ्या नलिका-पेशींतून बाहेर पडलं की शेजारच्या पेशींवर थेट विषासारखं वागतं आणि टीएलआर-२ व टीएलआर-४ या ग्राहकांमार्फत दाह भडकवतं. मेलेली पेशी शेजारणीला मारते, अशी साखळी. त्यासाठी पट्टीवर चौकोन नाही आणि नेहमीच्या लॅबमध्ये चाचणीही नाही. या बाबतीत पट्टीला दोष देण्यात अर्थ नाही.

वापरताना चुका कुठे होतात, त्यावर थोडं सविस्तर, कारण अर्धी खोटी रीडिंग पट्टीची नसून हाताळणीची असतात. लघवी ताजी हवी, दोन तासांच्या आत. सेंट्रिफ्यूज न केलेली आणि नीट हलवलेली, कारण लाल पेशी तळाशी बसतात. फ्रिजमधली असेल तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पट्टी बुडवून लगेच बाहेर काढा, कडा बाटलीच्या तोंडावर घासून टिश्यू कागदावर टेकवा आणि पट्टी आडवी धरा. उभी धरली तर प्रोटीनच्या चौकोनातलं आम्ल ओघळून पीएचच्या चौकोनात जातं आणि पीएच खोटा कमी दिसतो. मल्टिस्टिक्सवर साखर ३० सेकंदांना, कीटोन ४०, विशिष्ट घनता ४५, ब्लड, पीएच, प्रोटीन ६० आणि पांढऱ्या पेशी दोन मिनिटांना वाचतात. दुसऱ्या कंपन्यांच्या वेळा वेगळ्या असतात, म्हणून घड्याळ लावण्याआधी त्याच बाटलीवरचा तक्ता बघा. दोन मिनिटांनंतर उमटलेला रंग वाचायचा नाही. पिवळ्या बल्बखाली हिरव्या छटा हमखास चुकतात. खिडकीचा उजेड किंवा पांढरा दिवा हवा. यंत्राने वाचली तर वेळेची आणि डोळ्यांची चूक टळते, चौकोनांची रसायनं मात्र तीच.

नमुना शिळा झाला तर आणखी एक गोंधळ होतो. पातळ किंवा अल्कधर्मी लघवीत लाल पेशी बाटलीतच फुटतात. मग ब्लड तीन प्लस, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी नाहीत, आणि मूतखड्याचा साधा रुग्ण स्नायू फुटल्याचा रुग्ण ठरतो. विशिष्ट घनता १.०१० च्या खाली आणि नमुना सकाळपासून पडून असेल तर नवा नमुना घेतल्याशिवाय बोलू नका. ब्लीचने धुतलेली डबी ब्लडचा चौकोन खोटाच निळा करते. जंतुसंसर्गातले काही जिवाणूही तेच करतात. मासिक पाळीचं रक्त मिसळलं तर तपासणी पुढे ढकला. उलट बाजूने, खूप घट्ट लघवी, कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचं औषध आणि काही कंपन्यांच्या पट्ट्यांवर मोठ्या मात्रेतलं जीवनसत्त्व क हा चौकोन फिका पाडतात. प्रोटीनच्या चौकोनाची फसवणूक वेगळी: पीएच ८ च्या वर गेला की बफर हरतं आणि प्रोटीन नसताना हिरवा रंग येतो. सोडा बायकार्ब चालू असलेल्या रुग्णात हे नेहमीचं. क्लोरहेक्सिडिनने पुसलेल्या जागेचा अंश नमुन्यात आला तरी तसंच. जोरदार व्यायामानंतरही एक-दोन दिवस थोडं प्रोटीन आणि रक्त दिसू शकतं. लघवी नेहमीच्या रंगाची असेल आणि अंग दुखत नसेल, तर दोन दिवसांनी पुन्हा बघून ठरवा.

पावसाळ्यात या बाटलीचे फार हाल होतात, कोकणात आणि गोव्यात तर विचारूच नका. झाकण सैल राहिलं की दमट हवेत चौकोन आपोआप रंग बदलतात. नायट्राइटचा चौकोन काही दिवसांत स्वतःहूनच गुलाबी होऊन संसर्ग नसताना पॉझिटिव्ह दाखवतो. पुडी काढून टाकू नका, पट्टी काढली की त्याच क्षणी झाकण घट्ट लावा, फ्रिजमध्ये ठेवू नका, १५ ते ३० अंश पुरे. पट्ट्या सुट्या पाकिटात भरून वाटण्याची पद्धत तर ताबडतोब बंद व्हायला हवी. बाटली उघडल्याची तारीख वर पेनाने लिहा. काही कंपन्या उघडल्यापासून तीन महिन्यांची मुदत देतात. म्हणून रोज दोन-तीनच तपासण्या होणाऱ्या दवाखान्याने शंभरऐवजी पन्नासची किंवा त्याहून छोटी बाटली घ्यावी, पट्टीमागे दोन पैसे जास्त गेले तरी. घेताना मुदत बघाच, शिवाय ब्लडच्या चौकोनाचा कागद एकसारखा पिवळा आहे ना तेही बघा. कडेला हिरवट झाक असेल तर बाटली परत करा.

गुण द्यायचे तर ब्लडच्या चौकोनाला पाचापैकी साडेचार, प्रोटीनच्या चौकोनाला दोन. तेही अल्ब्युमिनपुरते. दवाखाना, रुग्णवाहिका, मॅरेथॉनचा वैद्यकीय तंबू आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांनी ही पट्टी ठेवावीच, सोबत सल्फोसॅलिसिलिक ॲसिडची एक बाटलीही. घरी ‘किडनी तपासायला’ म्हणून घेणाऱ्यांनी तो पैसा वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तरावर घालवावा. आणि घरात पट्टी असेलच, तर लघवी काळपट झाली, मांड्या-दंड फुगून दुखताहेत, लघवीचं प्रमाण घटलंय अशा वेळी तिचा निकाल काहीही येवो, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पट्टीचा फोटो काढून, बुडवल्याची वेळ लिहून सोबत न्या. लघवीचा पहिला नमुनाही स्वच्छ डबीत न्या, कारण दवाखान्यात पोचून सलाईन लागेपर्यंत मायोग्लोबिन बरंच निघून गेलेलं असू शकतं.